तांबडी किटली

दुपारपर्यंत थुकेला नदीच्या दोन्ही काठांवर बातमी पसरली. मडक्यांसाठी माती आणायला गेलेल्या मामबाथावर दरड कोसळली होती. तिची कुदळ वरच सापडली. ती मात्र सापडली नाही.

तिचा नवरा मुझिवाखे आणि गावातले पुरुष माती उपसत राहिले. कड पुन्हा ढासळली, तेव्हा त्यानंच हात वर केला.

"पुरे. आणखी कुणाचं घर बसायला नको."

घरात ज्वारीची बिअर तयार होती. निंदणीला येणाऱ्यांसाठी मामबाथानंच ती घातली होती. मुझिवाखेनं धुरावर काळं केलेलं गोल मडकं भरलं, वर गवताचं झाकण घातलं आणि झोपडीत आत, मागच्या अंधाऱ्या बाजूला, पूर्वज येऊन बसतात तिथं ठेवलं. आता तीही तिथंच यायला हवी होती. नाही आली, तर बाहेर रानोमाळ भटकत राहिली असती.

सकाळी मडकं काठोकाठ भरलेलं. फेससुद्धा मोडला नव्हता.

"रुसली असेल," खेथिवे आत्या म्हणाली. "जिवंतपणी तरी कुठं कुणाचं ऐकायची?"

मुझिवाखेला वाटलं, तिला तिचं आवडतं भांडं हवं असेल. गोऱ्या दुकानदाराच्या बायकोसाठी ती मातीच्या किटल्या घडवायची. कान, तोटी, सगळं गोऱ्यांच्या किटल्यांसारखं. नुसत्या भाजलेल्या, तांबड्या. तेव्हा आत्या हिणवायची, "मडम झाली आमची सून! उद्या पूर्वजांनाही चहा पाजेल."

संध्याकाळी त्यानं एका किटलीत बिअर ओतली, ती काळ्या मडक्याशेजारी ठेवली आणि दाराला आतून अडसर घातला.

सकाळी किटली रिकामी. कानावर ओल्या मातीची बोटं उमटलेली. अडसर जागच्या जागी.

तो धावतच आत्याकडे गेला.

"आली, आत्या! सगळी प्यायली! आता बकरा कापू."

"बघ, म्हटलं नव्हतं? काळं मडकं रिकामं झालं ना?"

"छे, ते तसंच भरलेलं आहे. किटलीतली प्यायली."

आत्या चूल फुंकायची थांबली.

"मुझी, मेलेलं माणूस तांबड्या भांड्याला तोंड लावत नाही. त्यांना काळोख लागतो. म्हणून तर आपण मडकी काळी करतो."

"म्हणजे?"

"म्हणजे ती अजून मेलेल्यांत गेलेली नाही."

दरडीची माती अर्धीच उपसलेली होती.