मिश्रीची डबी

शेवटचं मिनिट! अजून एक गडी टिपला की जिल्ह्याचा खो-खोचा कप आमचा!

गर्दीत आई होती, नेहमीसारखा तोंडावर पदर धरून. तंबाखूच्या मिश्रीनं तिचे दात काळे पडलेत.

गेल्या पावसाळ्यात तिच्या मिश्रीच्या डबीत माझं बोट बुडालेलं तिनं पाहिलं. वाटलं, आता झोडपणार. पण ती मटकन खाली बसली. "मीबी माझ्या आईच्याच डबीतनं शिकले गं," म्हणाली, अन् उठून डबी चुलीत ओतली. "आता दोघींनी सोडायची." महिनाभर तिचं डोकं ठणकत होतं, पण घरात पुन्हा मिश्री आली नाही.

खो मिळाला तशी मी झेपावले. गडी बाद!

तोंडावरचा पदर विसरून आई मैदानात धावत आली, काळे दात साऱ्या जिल्ह्याला दाखवत, खदाखदा हसत!