विरोध असंल त्यानं उभं राहावं

प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून गहिनीनाथ तात्यांना लघवी धरवत नव्हती. "अडवल्यासारखं आवळून धरा, दहा मोजा, मग सोडा," असा व्यायाम बीडच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवला होता. चार महिने तात्या बसल्या जागी तेच करत होते.

सोसायटीच्या सभेत चेअरमननं ठराव वाचला. गाव टँकरवर, अन् सोसायटीच्या विहिरीचं उरलंसुरलं पाणी साखर कारखान्याला द्यायचं. "विरोध असंल त्यानं उभं राहावं."

सगळ्या माना तात्यांकडं वळल्या. गेली वीस वर्षं विरोधाला पहिले तात्याच उठायचे, मग त्यांच्यामागं बाकीचे.

नेमका तेव्हाच तात्यांना ठसका लागला. गेलं, भिजलं धोतर, असं त्यांना वाटलं.

शेजारचा कचरू कुजबुजला, "तात्या, उठा की! तुमी उठल्याबिगर कोन उठंल?"

तात्या खाली मान घालून दहापर्यंत मोजत राहिले. मग पुन्हा एकपासून.

"ठराव एकमतानं मंजूर!"

चहा पिऊन माणसं पांगली. मांडव रिकामा झाल्यावर तात्या उठले. त्यांनी मागून धोतर चाचपलं, वाकून सतरंजीवर हात फिरवला.



दोन्ही कोरडीठाक होती.