मागच्या पोर्टवरची काळी पट्टी

"मशीन सापडत नाही," असं कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा उमटलं आणि मुलाने कपाळावर हात मारून घेतला.

"सापडत नाही म्हणजे? एवढं धूड समोर तर आहे!" आई म्हणाली.

धूड खरंच समोर होतं. स्टिकरची अक्षरं कापायचं मशीन, त्यात पांढरा रोल चढवलेला, पातं नवं कोरं. फक्त कॉम्प्युटरशी त्याचा अबोला होता. दवाखान्याच्या काचेवर लावायची अक्षरं संध्याकाळपर्यंत हवी होती, आणि आईने सकाळीच बजावलं होतं: आज मशीन चाललं तर दुकान राहील, नाही चाललं तर शेजारचा चष्मेवाला कधीचा गाळा मागतोय, त्याला हो म्हणून टाकायचं.

पेंटर चाकाच्या खुर्चीतून हे सगळं बघत होता. ब्रश सुटून जमाना झाला तरी सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत राहिलं, आणि तेच वाईट झालं. कारण मशीन का सापडत नाही, हे त्याला स्वच्छ ठाऊक होतं.

आधी मशीन चालू करायचं. मग वायर जोडायची, तीही कॉम्प्युटरच्या पाठीमागे, अगदी खालच्या पोर्टमध्ये. दुसरीकडे कुठेही जोडली तर कॉम्प्युटर मशीनला ओळख म्हणून दाखवत नसे. मेख एवढीच. पण पेंटरने ती पोटच्या पोरालाही दाखवली नव्हती. रोज दुकान बंद करताना तो वायर उपसायचा आणि त्या पोर्टवर काळ्या स्टिकरची पट्टी डकवायचा. मागचा पत्राही काळाच, त्यामुळे तिथे पोर्ट आहे याचा कुणाला पत्ता लागत नसे. सकाळी दुकान उघडलं की म्हणायचा, "जा, चहा सांगून ये. साखर कमी."

पोरगा काचेचं दार ओढून बाहेर पडला की पेंटर पट्टी सोलून डाव्या मनगटावर चिकटवायचा आणि वायर खोचायचा. दिवसभर त्या बाजूला कुणाला फिरकू द्यायचा नाही.

"शिकवा की त्याला," बायको म्हणायची.

"शिकवलं की डोक्यावर बसेल," पेंटर हसायचा.

ते हसू आठवून आता त्याला स्वतःची लाज वाटत होती. पोरगा बिचारा जिवाचं रान करत होता. त्याने वायर बदलून पाहिली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शर्ट घामाने पाठीला चिकटला. शेवटी त्याने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला आणि आईलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"सगळ्या पोर्टमध्ये लावून बघितलं का?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"पुढचे, मागचे, सगळे बघितले."

"मग मशीनचं कार्ड गेलं असेल. जुनं मॉडेल आहे, पार्ट मिळणार नाही."

पेंटरच्या घशातून एक घोगरा आवाज निघाला. सगळे नाही रे राजा, एक राहिलाय! त्याचं डावं बोट कॉम्प्युटरच्या मागे रोखलं गेलं.

"पंखा हवाय का?" बायकोने पंखा लावला. बोट तिथेच. तिने पंखा बंद केला. "मग पाणी?"

तिने पाणी पाजलं. निम्मं हनुवटीवरून खाली आलं आणि तिने ते पदराने टिपलं. पेंटरला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. त्याने डाव्या पायाने जमिनीला रेटा दिला. खुर्ची सरकली, आणखी थोडी सरकली. त्याचा हात मागच्या पत्र्याला लागला. नख खाली खाली घसरत पट्टीच्या कडेशी पोचलं.

तेवढ्यात मुलाने त्याचं मनगट हलकेच धरलं, खुर्ची मागे ओढली आणि तिचा ब्रेक लावला.

"बाबा, वायरींत हात नको. शॉक बसेल."

"बघा, किती जपतो तुम्हाला," आईचे डोळे भरून आले. "आणि तुम्ही जन्मभर त्याला चहालाच पिटाळलंत."

पेंटरने मान खाली घातली. करावं तसं भरावं, दुसरं काय.

आईने दवाखान्याला काम होणार नाही असं कळवलं. मग चष्मेवाल्याला फोन केला. "हो, गाळा तुम्हालाच. उद्या या बोलायला." फोन ठेवून तिने मशीनवरून हात फिरवला. "आणि याचं काय करायचं?"

"भंगारात घालू. मीच नेऊन देतो," मुलगा म्हणाला. "तुला बघवायचं नाही ते."

त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "दमलीस तू. जरा बाहेरच्या हवेत जाऊन ये. येताना चहा सांग."

आई डोळे पुसत दारापर्यंत गेली.

"साखर कमी," तो मागून म्हणाला.

काचेचं दार बंद झालं. आई कोपऱ्यावर वळेपर्यंत तो काचेतून बघत राहिला. मग त्याने मशीनचं बटण दाबलं, खाली न बघताच हात कॉम्प्युटरच्या मागे घातला, काळी पट्टी नखाने सोलली, डाव्या मनगटावर चिकटवली आणि वायर खोचली. मशीनचं पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर गेलं आणि जागेवर येऊन थांबलं. त्याने समाधानाने मान हलवली, वायर उपसली आणि पट्टी पुन्हा होती तिथे अंगठ्याने दाबून बसवली.

"ठणठणीत आहे, बाबा," तो बापाच्या कानाशी वाकून म्हणाला. "माझ्या दुकानात छान चालेल."