कड्यातून आलेली हाक

पनवेलच्या एका सोसायटीतली काही जोडपी मोरा बंदरातून लाँच करून दोन दिवस बेटावर राहायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी किनाऱ्याकिनाऱ्याने भटकायला निघाली.

हरेश पुढे होता, शेजारच्या आभाशी हसत बोलत. आभा त्याला सरळ ‘हरेश’ म्हणायची. मागून चालणाऱ्या त्याच्या बायकोने, वेणूने, लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. आभाच्या तोंडी ते ऐकलं की तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

वळणावर समुद्रात घुसलेला उंच कडा लागला. तिथे सगळ्यांनी ओरडून पाहिलं. प्रत्येकाची हाक जशीच्या तशी परत येत होती.

“वेणू, तू पण ओरड ना!” आभा म्हणाली.

वेणूने जोरात हाक मारली, “अहो!”

कड्यातून आवाज आला, “हरेश!”

आवाज बाईचा होता, लाडात आलेला. वेणूने गर्रकन आभाकडे पाहिलं. आभा बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती. तिने घाबरून वेणूचा हात धरला. “मी नाही गं!”

हरेश कड्याकडे बघत होता. लग्न ठरलं तेव्हाही त्याने वेणूकडे असं पाहिलं नव्हतं.

वेणूने त्याची बाही घट्ट पकडली. “अहो, चला इथून.”

तेवढ्यात, कुणीही ओरडलं नसताना, कड्यातून पुन्हा हाक आली.

हरेश हसला. त्याने वेणूची बोटं बाहीवरून एकेक करून सोडवली.

“आलो गं,” तो पाण्याकडे बघत म्हणाला.