नजर लावणारा चष्मा

"एकदाच बघायचं हं, पोरींनो! आतलं दाखवायला हा चष्मा दरवेळी वरचा थर खरवडतो," संग्रहालयातले गाईडकाका बजावत होते. केतकीने चष्मा लावला मात्र, दगडाची यक्षी आतल्या जुन्या रंगांनी अशी काही झळाळली की बस्स! पण चष्मा काढून पाहते तो काय, यक्षीचं नाक आणखी बसकं झालेलं. केतकीने काकांची बाही ओढली.

"काका, ही तर खरीखुरी दृष्ट लागली! माणसाकडे बघितलं तर?"

"भलतंच काय विचारतेस!" काका म्हणाले, पण हसले नाहीत.

इतक्यात केतकीचा गाल झोंबला. तिने वळून पाहिलं. धाकटी बहीण चिऊ टेबलावरचा दुसरा तसलाच चष्मा लावून तिच्याकडेच टक लावून बघत होती.

"ताई, आतून कित्ती लालभडक आहेस गं! हलू नको ना!"

केतकीने गालाला हात लावला. हाताला ओलं लागलं.