मधली जागा

रस्ता रुंद करताना कोरगावचं घर गेलं आणि चंद्रभागाबाई मुलाच्या पेडण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. तेव्हापासून रोज आंघोळ झाली की त्या हॉलमधल्या टीपॉयभोवती गोल गोल फिरायच्या. विचारलं तर "पाय मोकळे करतंय" म्हणायच्या. त्यांचं मन थाऱ्यावर यावं म्हणून सून अर्चना त्यांना मंडला चित्रांच्या वर्गाला घेऊन गेली.

शिकवणारी गौरवी म्हणाली, "आधी मध्यबिंदू काढा. मग तिथून हळूहळू बाहेर यायचं."

चंद्रभागाबाईंनी कंपास बाजूला ठेवला आणि कडेपासून नुसत्या हातानेच पाकळ्या काढायला घेतल्या. तासाभरात कागद भरला. मधला चौकोन तेवढा कोरा होता.

"आजी, मधलं राहिलं," गौरवी म्हणाली.

"राहिला नाय. मधी तुळस आसता गो बाय. तिच्या भोवतणी रांगोळी घालूची, मगे फेरे मारूचे."

शेजारी बसलेली अर्चना ते ऐकत होती. घरी आल्यावर तिने टीपॉय उचलून गॅलरीत नेला आणि तिथे कठड्याला लागून ठेवलेली तुळशीची कुंडी हॉलच्या मधोमध आणून ठेवली.