तापलेली हलगी

शेवटचा सामनाही हरून आम्ही मागच्या दाराने बाहेर आलो, तर शिदूमामा पाचटाच्या जाळावर हलगी शेकत बसलेले.

आमच्याकडे सामना जिंकल्यावरच हलगी वाजते. आमचा कबड्डीचा संघ यंदा पहिल्यांदाच व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि अगदी इमानाने सगळे सामने हरला. तरी मामा दर सामन्याला हलगी तापवायचे आणि ती गार झाली की मुकाट घरी न्यायचे.

कप्तानाने गुडघ्याची नीकॅप काढून कचऱ्याच्या डब्यात फेकली. "मामा, विझवा तो जाळ. आजपण हरलो. आता मी खेळणंच सोडतोय."

"ठावं हाय. आतनंच बघून आलोय," म्हणत मामांनी टिपरू उचललं. हलगी अशी कडाडली, की जिंकलेल्या संघाची पोरं बसच्या खिडक्यांतून डोकावली.

"अहो, हरल्यावर कशाला वाजवताय?" कप्तान ओरडला.

"पुढच्या वर्षीचं आगाऊ वाजवतोय. कातडं झकास तापलंय, वाया कशाला घालवू?"

आम्ही सगळे कप्तानाकडे बघत राहिलो. "आयला," एवढंच पुटपुटून त्याने डब्यात हात घातला, नीकॅप शोधून काढली आणि झटकून गुडघ्यावर चढवली.

नाचायला ती लागणारच होती.